कॅल्शियम दिसण्यापूर्वीची वर्षे : धमन्यांच्या कॅल्सीभवनाविषयी एक संवाद

माणसाच्या शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडे व दात यांत असते, आणि उरलेला जो अल्प अंश रक्तात व पेशींत वावरतो त्याच्यावर स्नायूंचे आकुंचन, हृदयाचे ठोके आणि रक्त गोठण्याची क्रिया अवलंबून असते. हेच कॅल्शियम फॉस्फेटशी संयोग पावून धमन्यांच्या भिंतीत स्फटिकरूपाने साचू लागले की त्या विकाराला धमन्यांचे कॅल्सीभवन म्हणतात. साचणारे खनिज हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या हाडांतील खनिजाच्याच जातीचे असते. उतारवयात एकाच व्यक्तीची हाडे ठिसूळ आणि धमन्या कडक झालेल्या पुष्कळदा आढळतात.

धमनीच्या भिंतीला तीन स्तर असतात. रक्ताला लागून असलेला अंतःस्तर, अरेखित स्नायुपेशी व लवचिक तंतू यांनी बनलेला मध्यस्तर, आणि भिंतीला बाहेरून आधार देणारा बाह्यस्तर. कॅल्शियम यांपैकी दोन ठिकाणी साचते. अंतःस्तरात ते कोलेस्टेरॉल, दाहपेशी व तंतू यांच्या थरात, म्हणजे डॉक्टर ज्याला प्लाक म्हणतात त्यात, उतरते. मध्यस्तरात मात्र कोलेस्टेरॉलचा थर नसतानाही ते लवचिक तंतूंच्या कडेने पसरते, आणि हा प्रकार मधुमेह, मूत्रपिंडाचे जुने विकार व वार्धक्य यांत विशेषकरून दिसतो. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ म्योंकेबेर्ग यांनी १९०३ साली त्याचे वर्णन केल्यामुळे तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

पुणे शहरात अशा प्रश्नांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी शेजारीशेजारी नांदतात. विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि पाषाण येथील आयसर यांसारख्या संस्थांत पेशी व रेणू यांच्या पातळीवर जाऊन कारण शोधण्याची परंपरा आहे, तर रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाने माणसांचा, त्यांच्या आहाराचा व पिढ्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून रोगाचे मूळ शोधण्याची परंपरा उभी केली आहे. पुढील संवादात या दोन दृष्टींची बाजू दोन कल्पित, प्रातिनिधिक व्यक्ती मांडतात. त्यांपैकी एक पेशीशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत, तर दुसरे मधुमेहाच्या रुग्णांत आयुष्य घालवलेले ज्येष्ठ चिकित्सक आहेत.

साचणे की घडवणे?

पेशीशास्त्रज्ञ : सर, वय वाढले, भिंत झिजली, मृत पेशींचा गाळ साठला आणि त्यावर रक्तातील क्षार आपोआप बसले, असेच वैद्यकात दीर्घकाळ शिकवले गेले. वास्तविक रुडॉल्फ विर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच धमनीत केवळ क्षार नव्हे तर खरेखुरे हाड तयार होऊ शकते, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले होते. त्या निरीक्षणाचा अर्थ लागायला मात्र १९९३ साल उजाडले. त्या वर्षी क्रिस्टीना बोस्ट्रॉम, लिंडा डेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसाच्या रोगट धमन्यांत बीएमपी-२ हे, एरवी हाड घडवण्याचा संदेश देणारे प्रथिन सापडले. १९९७ साली जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाने मॅट्रिक्स जीएलए प्रथिन, म्हणजे एमजीपी, तयार करणारे जनुक काढून टाकलेले उंदीर वाढवले. ते जन्मतः ठीक होते, पण दोन महिन्यांच्या आत त्यांच्या धमन्या कॅल्शियमने भरल्या आणि फुटल्या. म्हणजे रक्तातील कॅल्शियम व फॉस्फेट यांना स्फटिक होण्यास मुळातच वाव असतो, आणि धमन्या मऊ राहतात त्या एमजीपी, पायरोफॉस्फेट, फेट्युइन-ए यांसारख्या निरोधक द्रव्यांनी तो वाव सतत रोखून धरल्यामुळे. हा विकार त्या रोखण्यात पडलेल्या खंडाचा आहे.

चिकित्सक : उंदराचे एक जनुक काढले आणि त्याची धमनी दगडासारखी झाली, हे सिद्धच आहे मॅडम, पण बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या साठीच्या माणसाचे ते जनुक शाबूत असते. त्याच्या मागे वीस वर्षांचा मधुमेह असतो, रक्तदाब असतो, तंबाखू असते, आणि त्याच्या आईच्या गरोदरपणापासून चालत आलेला एक इतिहास असतो. हे सगळे एका रेणूत कसे मावणार?

पेशीशास्त्रज्ञ : एका रेणूत ते मावत नाही, पण ते सगळे ज्या दारातून आत शिरते ते दार पेशीचेच असते. प्रयोगशाळेतील साधा प्रयोग पाहावा. धमनीच्या मध्यस्तरातील अरेखित स्नायुपेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांच्या पोषक द्रवातील फॉस्फेटचे प्रमाण लिटरमागे १.४ मिलिमोल ठेवले, तर त्या लांबट, एका दिशेने मांडलेल्या, आकुंचन पावू शकणाऱ्या पेशी म्हणूनच राहतात. तेच प्रमाण २ मिलिमोलपर्यंत, म्हणजे मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात आढळते तितके, नेले की काही दिवसांत त्यांची ओळख बदलू लागते. आकुंचनाची प्रथिने कमी होतात, हाडपेशी घडवणारे आरयूएनएक्स-२ हे नियामक प्रथिन वाढते, आणि बशीवर अ‍ॅलिझरिन हा कॅल्शियमला धरणारा रंग ओतला की पेशींमधून तांबडे ठिपके उमटतात. २००० साली सिएटल येथील जोनो, जियाकेली व सहकाऱ्यांनी हे दाखवले, आणि फॉस्फेट पेशीत ज्या वाहक प्रथिनातून शिरते ते अडवले तर कॅल्सीभवनही थांबते हेही सांगितले. स्नायूची पेशी परिस्थितीला तोंड देताना हाडाच्या पेशीसारखी वागू लागते, हा या विकाराचा गाभा आहे; आणि तो घडवला जात असेल तर तो थांबवताही आला पाहिजे.

उपचारांची कसोटी

चिकित्सक : घडवले जाते ते थांबवता येईल, ही आशा गेली वीस वर्षे ऐकू येते आणि प्रत्येक वेळी माणसांवरील चाचणीपाशी ती अडखळते. एमजीपी कार्यक्षम होण्यासाठी के जीवनसत्त्व लागते, तेव्हा के-२ जीवनसत्त्व दिले की कॅल्सीभवन मंदावेल, हा तर्क सरळ होता. डेन्मार्कमध्ये हृदयाची महाधमनी-झडप कॅल्शियमने कडक होऊ लागलेल्या ३६५ पुरुषांना दोन वर्षे रोज ७२० मायक्रोग्रॅम के-२ व जोडीला ड जीवनसत्त्व, किंवा निष्क्रिय गोळी, देऊन पाहिली गेली. २०२२ साली निष्कर्ष आला तो झडपेतील कॅल्शियमच्या वाढीत फरक न पडल्याचा. इतके होऊनही के-२च्या महागड्या गोळ्यांच्या जाहिरातीत धमन्या स्वच्छ होण्याचे आश्वासन दिले जाते आणि निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे त्या विकत घेतात.

याहून मोठी अडचण स्टॅटिन औषधांची आहे. ही औषधे कोलेस्टेरॉल कमी करतात आणि हृदयविकाराचे झटके निश्चित टाळतात. पण धमनीच्या आतून ध्वनिलहरींनी चित्रे घेणाऱ्या अभ्यासांत, ज्या रुग्णांना स्टॅटिनची मोठी मात्रा दिली त्यांच्या प्लाकचा आकार घटला आणि त्यातील कॅल्शियम मात्र वाढले. रोगी सुधारतो आणि कॅल्शियम वाढते, असे असेल तर कॅल्शियमला शत्रू मानून त्याच्यामागे लागणे म्हणजे जखमेऐवजी जखमेच्या व्रणावर उपचार करणे नव्हे काय?

पेशीशास्त्रज्ञ : अंतःस्तरापुरती ही हरकत मान्य करावी लागेल. तिथे कॅल्शियमचे प्रमाण आणि त्याची घडण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्लाकवरच्या पातळ आवरणात विखुरलेले, काही मायक्रोमीटर आकाराचे सूक्ष्म कण आपल्या आजूबाजूला ताण एकवटून आवरण फाटण्याची शक्यता वाढवतात, तर दाट, सलग झालेले कॅल्शियम तोच प्लाक स्थिर करते. स्टॅटिन बहुधा पहिल्या अवस्थेकडून दुसऱ्या अवस्थेकडे वाटचाल लवकर घडवते. पण सर, मध्यस्तराचे काय? तिथे मुळात जखमच नसते, तर व्रण कशाचा म्हणायचा?

चिकित्सक : तो मुद्दा खरा आहे, आणि मधुमेही पायाच्या तपासणीत तो रोज हाताला लागतो. पायाला होणारा रक्तपुरवठा जोखण्यासाठी घोट्याजवळचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. निरोगी माणसात हे गुणोत्तर एकाच्या आसपास असते आणि धमनी अरुंद झाली की ते ०.९ च्या खाली जाते. जुन्या मधुमेह्याच्या घोट्याला पट्टा बांधून कितीही हवा भरली तरी कडक धमनी दबत नाही, गुणोत्तर १.४ च्या वर जाते, आणि बोटे काळी पडू लागलेली असतानाही आकडा रक्तपुरवठा उत्तम असल्याचे सांगतो. क्ष-किरण चित्रात त्याच पावलात रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर पांढऱ्या रेषा दिसतात. त्या धमनीच्या दोन्ही कडा असतात. अशा रुग्णाच्या अंगठ्यातील दाब वेगळ्या उपकरणाने मोजला नाही, तर आकड्यावर विसंबून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

पेशीशास्त्रज्ञ : आणि महाधमनीच्या मध्यस्तरात हेच घडले की तिची लवचिकता जाते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर फुगून रक्ताचा धक्का सामावून घेणे तिला जमत नाही, वरचा रक्तदाब चढतो, खालचा उतरतो आणि हृदयाची डावी बाजू जाड होते. इथे कॅल्शियम हाच रोग आहे.

गुणांकाचे मोल

संवादाला इथे वळण मिळते, कारण कॅल्शियमचा अर्थ ठिकाणानुसार बदलत असेल तर त्याच्या मोजमापाचा अर्थ काय, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो. हे मोजमाप सीटी स्कॅनवर केले जाते. १९९० साली आर्थर अ‍ॅगाट्स्टन व सहकाऱ्यांनी हृदयाच्या धमन्यांतील कॅल्शियमचे क्षेत्र आणि घनता यांवरून गुणांक काढण्याची पद्धत दिली. शून्य म्हणजे दिसण्याजोगे कॅल्शियम नाही, १०० पासून जोखीम स्पष्ट, आणि ४०० च्या पुढे ती बरीच मोठी, असे स्थूलमानाने मानतात. मात्र सीटी स्कॅन अंतःस्तर व मध्यस्तर यांत भेद करू शकत नाही, आणि वर सांगितलेले सूक्ष्म कण त्याच्या दृष्टीला पडत नाहीत.

चिकित्सक : गुणांक उपयोगाचा आहे, पण तो कोणाच्या शरीरावरून घडला हे विसरता कामा नये. या गुणांकाचे वयोमानानुसार कोष्टक मुख्यतः अमेरिकेतील मेसा या अभ्यासातून आले. २००० साली सुरू झालेल्या त्या अभ्यासात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व चिनी वंशाचे सहा हजारांहून अधिक लोक होते, पण दक्षिण आशियाई कोणीही नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर व शिकागो येथे ‘मसाला’ नावाचा अभ्यास सुरू झाला. त्यात तेथील दक्षिण आशियाई पुरुषांचे कॅल्शियम गोऱ्या पुरुषांइतकेच आणि इतर तिन्ही गटांहून अधिक निघाले. दुसरीकडे, ५२ देशांतील इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांहून पाच-सहा वर्षे आधी, येतो असे आढळले. प्लाकमध्ये कॅल्शियम उतरायला वर्षे लागतात आणि आपल्याकडे झटका त्याआधीच गाठू शकतो. म्हणून चाळिशीतल्या, धूम्रपान करणाऱ्या, मधुमेही माणसाला शून्य गुणांकाचा कागद हातात देऊन निर्धास्त करणे योग्य नाही.

पेशीशास्त्रज्ञ : म्हणजे गुणांक शून्य असतो तेव्हाही प्रक्रिया चालू असते, हे सरांनीच मान्य केले. पेशीची ओळख बदलणे, निरोधकांची शक्ती घटणे, सूक्ष्म कणांची सुरुवात होणे, हे सारे शून्याच्या आतले जग आहे, आणि तिथे पोहोचण्याचे साधन पेशीविज्ञानापाशीच आहे.

मूत्रपिंड, फॉस्फेट आणि किंमत

दोन्ही दृष्टींची सर्वांत कठोर परीक्षा डायलिसिसच्या रुग्णांत होते. मूत्रपिंड निकामी झाले की फॉस्फेट लघवीवाटे बाहेर पडत नाही, रक्तात साठते आणि वर वर्णन केलेला बशीतील प्रयोग जणू रुग्णाच्या शरीरातच सुरू होतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात डायलिसिसवरील २० ते ३० वर्षे वयाच्या १६ पैकी १४ तरुणांच्या हृदयधमन्यांत कॅल्शियम आढळले, तर त्याच वयाच्या ६० निरोगी व्यक्तींपैकी केवळ तिघांत.

पेशीशास्त्रज्ञ : अन्नातील फॉस्फेट आतड्यातच धरून ठेवण्यासाठी या रुग्णांना जेवणाबरोबर गोळ्या देतात. त्यांतील स्वस्त गोळ्या कॅल्शियमच्याच असतात, म्हणजे फॉस्फेट अडवताना शरीरात कॅल्शियमची भर पडते. २००२ साली २०० रुग्णांवरील तौलनिक चाचणीत कॅल्शियमच्या गोळ्यांवर असलेल्यांच्या धमन्यांत वर्षभरात कॅल्सीभवन वाढले आणि सेव्हेलामर हे कॅल्शियमविरहित औषध घेणाऱ्यांत ते जवळजवळ थांबले. रेणूंचे ज्ञान थेट उपचारात उतरल्याचे हे उदाहरण आहे.

चिकित्सक : उदाहरण चांगले आहे, पण पुढचे पानही वाचले पाहिजे. दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या नंतरच्या मोठ्या चाचणीत त्याच औषधाने एकंदर मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे दिसले नाही. शिवाय ज्या घरात आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला नेणाऱ्या माणसाचा रोज बुडतो, तिथे सरकारी योजनेतून डायलिसिस फुकट झाले तरी महिन्याच्या गोळ्यांचा खर्च उरतोच. ते मूत्रपिंड निकामी होण्याची दोन मोठी कारणे मधुमेह आणि रक्तदाब ही आहेत, आणि ती वेळेवर आटोक्यात ठेवण्याला लागणारी औषधे यापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. कॅल्शियम धमनीत उतरल्यावर त्याच्याशी झुंजण्यापेक्षा त्याच्या मागे पंधरा वर्षे जाऊन उभे राहिले पाहिजे.

पुण्यातील सहा गावे

पेशीशास्त्रज्ञ : मागे जायचे तर किती मागे?

चिकित्सक : गर्भापर्यंत. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली पुणे माता-पोषण अभ्यास सुरू झाला. जिल्ह्यातील सहा गावांमधील स्त्रियांची नोंद गरोदरपणाआधीच घेतली गेली, त्यांचा आहार, श्रम व रक्त तपासले गेले, आणि जन्मलेल्या सातशेहून अधिक मुलांचा पाठपुरावा पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला. ही बाळे सरासरी २.७ किलो वजनाची होती, म्हणजे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या बाळांपुढे किरकोळच. पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू व पोटातील अवयव. बारीक दिसणाऱ्या शरीरात चरबीचा वाटा अधिक असण्याची ही घडण पुढे मधुमेहाला पोषक ठरते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा शरीरभार निर्देशांक २२.३ हाच होता, पण शरीरातील चरबी डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के तर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली.

याच संस्थेने पुण्याच्या परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ६७ टक्क्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले असल्याचे नोंदवले आहे. होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल बी-१२ कमी पडले की रक्तात साठते आणि धमनीच्या अस्तराला अपाय करते असे मानले जाते. विशेष म्हणजे ही कमतरता शहरी मध्यमवर्गात सर्वाधिक होती.

पेशीशास्त्रज्ञ : सर, मघाशी के-२ ला जी कसोटी लावली गेली तीच इथे लावू. त्याच २००६ साली होप-२ या चाचणीत साडेपाच हजारांवर रुग्णांना फॉलिक आम्ल, बी-६ व बी-१२ देऊन होमोसिस्टीन खाली आणले, तरीही हृदयविकाराचे झटके घटले नाहीत. दोन गोष्टी एकत्र आढळतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. गावागावांतील पाहणी संशय कोणावर घ्यावा हे दाखवते, पण धमनीच्या भिंतीत नेमके काय घडले हे सिद्ध करायला पेशीकडेच यावे लागते.

चिकित्सक : हरकत रास्त आहे. मात्र त्या चाचणीतील रुग्ण पंचावन्न वर्षांचे व त्यापुढचे, रोग जडलेले होते, आणि त्यांच्यातील बहुतेकांना जन्मापासून बी-१२ ची वाण पडलेली नव्हती. के-२ च्या चाचणीतही झडप आधीच कडक झालेली होती. दोन्ही चाचण्या एकाच जागी फसल्या : उपाय पोहोचला तोवर वेळ निघून गेली होती.

पेशीशास्त्रज्ञ : असे असेल, तर उशीर हा आपल्या दोन्ही बाजूंचा समान प्रतिस्पर्धी ठरतो. कोणता रेणू अडवावा हे प्रयोगशाळा सांगू शकेल, पण कोणाच्या शरीरात आणि कोणत्या वयात, हे तिला एकटीला कळणार नाही.

निष्कर्ष

या संवादातून एक मतभेद मिटतो आणि एक उरतो. मिटतो तो कॅल्शियमच्या स्वरूपाविषयीचा. प्लाकमध्ये ते बरेचसे झालेल्या दाहाची नोंद असते, मध्यस्तरात ते स्वतःच विकार असते, आणि दोन्ही ठिकाणी ते जिवंत पेशींच्या बदललेल्या वर्तनातून येते. उरतो तो अग्रक्रमाचा. मर्यादित पैसा नव्या निरोधक औषधांच्या शोधावर खर्च करावा की मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि मातेचे पोषण यांवर? आजच्या रुग्णापुरते पाहिले तर चिकित्सकाचेच म्हणणे ग्राह्य धरले पाहिजे, कारण साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवण्याचे लाभ सिद्ध आहेत, तर साचलेले कॅल्शियम विरघळवून आयुष्य वाढवणारे एकही औषध आज नित्य वापरात नाही.

पण उद्याच्या रुग्णाच्या बाबतीत पुण्यापाशी जे आहे ते जगात थोड्याच शहरांपाशी आहे. सहा गावांतील ती मुले आता तिशीच्या घरात आहेत. त्यांच्या आईचा गरोदरपणातील आहार, त्यांचे जन्मवजन, बालपणीचे बी-१२ आणि पौगंडावस्थेतील साखर यांच्या नोंदी उपलब्ध आहेत, आणि त्यांच्यातील बहुतेकांच्या धमन्यांत सीटीवर दिसण्याजोगे कॅल्शियम अद्याप उतरलेले नसण्याचीच शक्यता अधिक. त्याच शहरात पेशी वाढवून त्यांचे बदलते वर्तन रेणूपर्यंत तपासू शकणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. या दोहोंची सांगड घालून, म्हणजे अशा तरुणांच्या धमन्यांचा ताठरपणा ठरावीक काळाने मोजून आणि त्यांच्या रक्तातील निरोधकांची शक्ती प्रयोगशाळेत जोखून, स्नायुपेशीची ओळख नेमकी केव्हा व कशामुळे बदलू लागते याचा शोध घेता येईल. धमनीच्या कॅल्सीभवनावरील आजवरचे बहुतेक उपाय गुणांक वाढल्यानंतर सुरू झाले आणि म्हणूनच तोकडे पडले. गुणांक शून्य असण्याची वर्षे हीच उपायाची खरी वर्षे आहेत, आणि त्या वर्षांचा अभ्यास करण्याची जबाबदारी, साधने हाताशी असल्यामुळे, पुण्याने आपली मानली पाहिजे.